बी.एस.ए. १९१६ छापाची रायफल नक्की कोणती? (कोल्हापूर)

पन्हाळापायथा
नमस्कार मंडळी. आजोबांच्या नावावर एक रायफल होती. लायसन संस्थानकाळातलं, म्हणजे कोल्हापूर मार्च १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन व्हायच्या आधीचं. पुढं त्याचंच नूतनीकरण होत गेलं. आजोबा वारल्यावर रायफल लायसनदार डीलरकडं रीतसर जमा केली, पावती घरात आहे. त्यामुळं "आधी पोलीस स्टेशन गाठ" हा सल्ला कृपया नको.

आता वारसाच्या अर्जात बनावट, बोअर (नळीच्या आतल्या भोकाचं माप), नंबर असे रकाने आहेत आणि जुन्या लायसनच्या पुस्तकात नुसतं "बंदूक काडतुसी, नळी एक, इंग्रजी". थोरले काका ठामपणे सांगतात, थ्री नॉट थ्री आहे, पणजोबांनी मेसोपोटेमियाच्या लढाईतून आणली. आत्याचं म्हणणं, शाहू महाराज दाजीपूरच्या शिकारीत खूश झाले आणि बक्षीस दिली. दोघं एकमेकांचं ऐकत नाहीत.

डीलरच्या दुकानात त्यांच्यासमोरच फोटो काढलेत. उजव्या बाजूला, बोल्टच्या (नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या) मागं जिथं लाकडी दस्ता सुरू होतो तिथल्या लोखंडावर वरून खाली असं आहे: मुकुट, जी.आर., बी.एस.ए. कंपनी, १९१६, एस.एच.टी. एल.ई., रोमन तीन आणि त्याच्यापुढं टिकलीसारखं काहीतरी. दस्त्यावर एक मोठा "एस". जागोजागी कोंबडीच्या पायासारख्या खुणा. सगळ्या लोखंडाला काळा रंग. लाकूड पार नळीच्या तोंडापर्यंत आहे.

लाल_माती
नाद खुळा! भावा, एस म्हंजे शाहू. आत्याच बरोबर हाय, काकांना सांग गप बसा म्हणून.

जुनी_पेठ
आपल्याकडं पितळी तांब्या मिळाला तरी तो महाराजांचाच असतो. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात जाऊन या, तिथं शिकारीच्या बंदुका मांडलेल्या आहेत. राजेरजवाडे विलायतेतल्या नावाजलेल्या कारागिरांकडून बंदुका करून घ्यायचे, त्यावर नक्षी असायची. फौजेच्या शिपायाची रायफल बक्षीस कशाला देतील? आणि शिक्का मारायचा तर महाराजांचा दरबार इंग्रजी एस मारेल होय?

तोफखाना
फौजेत आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा होतो, रिटायर होऊन गडहिंग्लजला शेती करतो. अशा रायफली हाताखालून पोत्यानं गेल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एस.एच.टी. एल.ई. म्हणजे शॉर्ट ली-एनफील्ड. ली हा बोल्ट आणि मॅगझिनची (काडतुसांच्या पेटीची) रचना करणारा, एनफील्ड हा इंग्लंडातला सरकारी कारखाना. तुझा रोमन तीन म्हणजे मार्क तीन, हा नमुना १९०७ मध्ये मंजूर झाला. पहिलं महायुद्ध पेटल्यावर कारखान्यांना मागणी पुरी करता येईना, म्हणून १९१६ च्या सुरुवातीला त्यातली काही कामं गाळली आणि मार्कच्या पुढं चांदणी मारली. तुझी टिकली म्हणजे ती चांदणी. गाळलेल्यातला मुख्य भाग म्हणजे कट-ऑफ: मॅगझिनच्या तोंडावर उजवीकडून आत सरकणारी पत्र्याची जीभ. ती आत ढकलली की मॅगझिन झाकलं जायचं आणि एकेक काडतूस हातानं भरून मारायचं. भरलेलं मॅगझिन ऐनवेळेसाठी राखून ठेवायचं, असा जुन्या साहेबांचा हिशेब. खंदकातल्या लढाईत त्याचा काही उपयोग नव्हता.

बी.एस.ए. म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. हीच कंपनी पुढं मोटरसायकलींसाठी गाजली. कंपनी खाजगी, पण वर मुकुट आणि जी.आर. आहे म्हणजे ही सरकारी ऑर्डरची. जी.आर. म्हणजे जॉर्ज रेक्स, पंचम जॉर्ज. कंपनीनं बाजारात विकलेल्या रायफलींवर राजाची अक्षरं नसायची. तेव्हा ही दुकानातून घेतलेली शिकारी बंदूक नव्हे, फौजेसाठी जन्मलेली आहे. आत्याबाईंचा दावा इथंच लंगडा पडतो.

एसचं सांगतो. शिपाई सगळे एका उंचीचे नसतात. दस्ते वेगवेगळ्या लांबीचे यायचे. नेहमीच्या मापावर काही नाही, लांबवर एल, आखूडवर एस, त्याहून आखूडवर बी. बुटक्या शिपायाचा दस्ता आहे तो.

लाल_माती
म्हंजे शाहू महाराज न्हवं. महाराज तर सहा फुटाच्या वर होते म्हणत्यात.

जुनी_पेठ
हा बघा, स्वतःच स्वतःचा मुद्दा खोडला.

सीमाभाग
बेळगावहून. काकांच्या गोष्टीत निम्मं तथ्य असू शकतं. मेसोपोटेमियात आपली माणसं होतीच. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या आणि एप्रिल १९१६ च्या शेवटी जनरल टाउनशेंडनं तुर्कांपुढं शरणागती पत्करली. पणजोबा यातल्या एखाद्या पलटणीत असतील तर त्यांची नोंद कागदोपत्री सापडू शकेल.

पण रायफल घरी आणली हे मनाला पटत नाही. शिपायाला रायफल सही घेऊन मिळायची आणि परत जमा व्हायची. हरवली तर कोर्ट मार्शल. शरण गेलेल्या पलटणींची हत्यारं एकतर मोडून टाकली गेली किंवा तुर्कांच्या हाती पडली. आणि १९१६ मध्ये बर्मिंगहॅमला तयार झालेली रायफल एप्रिलच्या आत कुतच्या वेढ्यात पोचणं अवघडच.

पन्हाळापायथा
तोफखाना काका, फार आभार. एसवरून घरात हशा झाला, आत्या मात्र रुसली आहे. मग अर्जात ".३०३, बी.एस.ए., १९१६" लिहून टाकू का?

तोफखाना
थांब, घाई करू नकोस. ते शिक्के सांगतात रायफल कधी आणि कुठं बनली. आज ती काय आहे हे त्यावरून कळत नाही. रायफलीचा तो भाग, ज्याला आम्ही बॉडी म्हणतो, तो शंभर वर्षं टिकतो. नळी मात्र झिजते, बदलते. लाकूडही बदलतं. बॉडीवर १९१६ असेल आणि नळी १९४० ची असेल, यात काही नवल नाही. बोअर हा नळीचा गुण आहे. नळीवर काय लिहिलंय ते कुठं सांगितलंस?

दुसरं, ती कोंबडीच्या पायाची खूण. त्याला ब्रॉड ॲरो म्हणतात, ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण. नीट बघ, बाणाखाली एक उभी रेघ, म्हणजे इंग्रजी आय आहे का? असली तर ती हिंदुस्थान सरकारची. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर सरकारनं माल विकून टाकला असं समजायचं.

आणि तो काळा रंग. कंपनीतून ती रायफल रंगवून आलेली नाही. इकडं दुरुस्तीला गेलेल्या बऱ्याच रायफलींना असा जाड काळा रंग फासलेला असतो. म्हणून मला शंका येते की ही इशापूरच्या सरकारी कारखान्यात जाऊन आलेली आहे.

करवीर_मॉड
मधेच येतो. @पन्हाळापायथा, तुमच्या तिसऱ्या फोटोत पूर्ण नंबर दिसत होता, तो झाकून पुन्हा लावला आहे. सगळ्यांनी लक्षात ठेवा: हत्याराचा नंबर, लायसन नंबर, डीलरचं नाव, घराचा पत्ता यातलं काही धाग्यात येऊ देऊ नका. किमतीची चर्चा दिसली तर प्रतिसाद उडवला जाईल.

नवखा_७
इशापूर म्हणजे ती चौकोनी मॅगझिनची ७.६२ वाली ना? आमच्या इथं बँकेच्या वॉचमनकडं बघितली आहे.

तोफखाना
नाही. ती टू-ए आणि टू-ए-वन. १९६२ च्या चीन युद्धानंतर इशापूरनं काढली, नव्या पोलादात आणि नाटोच्या ७.६२ काडतुसासाठी. मॅगझिन बारा गोळ्यांचं आणि खाली सपाट. दिसायला बहीण, पण १९१६ ची बॉडी तिच्यात बसत नाही. इशापूर म्हणजे बंगालमधली रायफल फॅक्टरी, कलकत्त्याच्या वर हुगळीकाठी. इंग्रजांच्या काळात तिथं घडलेल्या रायफलींवर जी.आर.आय. असायचं, शेवटचा आय इम्पेरेटरचा, म्हणजे बादशहा. स्वातंत्र्यानंतर तिथं अशोकस्तंभाचे सिंह आले. इंग्लंडातून आलेल्या रायफलींची मोडतोडही तिथंच निस्तरली जायची. अशा रायफलीत पुढच्या लाकडातून आडवा एक जादा स्क्रू घातलेला असतो, मॅगझिनच्या जरा पुढं. लाकूड फुटू नये म्हणून. तो दिसतो का बघ.

दुधाळी_रेंज
शिक्के वाचायची युक्ती सांगतो. रंगाखाली दबलेली अक्षरं दिसावीत म्हणून कुणी पॉलिश पेपर मारतं, ते पाप करू नका. मऊ कापडाला थोडं तेल लावून पुसा. मग पांढरा खडू आडवा घासा आणि वरवर पुसून घ्या, खोलगट भागात खडू राहतो. मोबाईलची बॅटरी वरून न धरता बाजूनं, जवळजवळ लोखंडाला टेकवून धरा. सावलीत अक्षर उठतं. जिथं अजिबात वाचता येत नाही तिथं पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा. आणि हे सगळं डीलरच्या हातानं, डीलरच्या दुकानात. तुमचं लायसन अजून झालेलं नाही.

(आमच्या रेंजवरची पोरं .२२ मारतात, असली लाकडी धूड नाही. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये जगज्जेती झाली, कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला ब्राँझ आणलं, दोघंही ५० मीटर रायफलवाले. कोल्हापुरात रायफल म्हटलं की आता हे आठवायला पाहिजे. असो.)

पन्हाळापायथा
डीलर भला माणूस आहे. खडू त्यानंच आणून दिला. तर ऐका.

बाणाखाली आय आहे, एकदम स्पष्ट. आडवा स्क्रू आहे. नळीच्या बुडाशी वरच्या बाजूला, जिथं ती बॉडीत शिरते, तिथं रंगाखालून इशापूर हा शब्द निघाला आणि त्याच्याखाली एक टिंब आणि ४१०. आधी आम्हाला वाटलं हा कुठला तरी नंबर असेल.

आणखी एक गंमत. मॅगझिन काढलं तर आत स्प्रिंग नाहीच! लाकडाचा ठोकळा बसवला आहे, तासून व्यवस्थित केलेला. काका म्हणतात आजोबांनी पोरांच्या हाताला लागू नये म्हणून घातला असेल.

तोफखाना
सापडली! आजोबांनी नाही घातला तो. सरकारनं घातला.

ही .४१० मस्केट आहे. जुन्या .३०३ रायफली इशापूरला घेऊन त्यांची नळी गुळगुळीत केली जायची, आतले आटे (गोळीला फिरकी देणारे चर) नाहीत. काडतूस .३०३ च्याच पितळी केसचं, फक्त गळ्याशी निमुळतं न करता सरळ ठेवलेलं. मॅगझिनमध्ये लाकूड भरून तिला एकबारी करून टाकायचं. ठोकळ्यावर एक काडतूस ठेवायचं, बोल्ट ढकलायचा, मारायचं, पुन्हा एक. ही हत्यारं पोलिसांना, तुरुंगाच्या पहाऱ्याला, खजिन्याच्या गार्डाला दिली जायची. कारण साधं: शिपायाच्या हातातून हिसकावून नेली तरी तिच्यात फौजेचं काडतूस चालू नये, आणि गर्दीवर झाडली तर गोळी मैलभर पलीकडं जाऊ नये. सत्तावनचा धसका साहेबाच्या मनातून कधी गेलाच नाही.

म्हणजे बर्मिंगहॅमला शिपायासाठी जन्मली, नंतर तिचे दात पाडून पहारेकऱ्याच्या हातात दिली, आणि शेवटी तुमच्या आजोबांकडं आली. काका पहिल्या महायुद्धाच्या काळाबद्दल खरं बोलतात. थ्री नॉट थ्रीबद्दलही बोलतात, पण ते जुनं झालं.

दुधाळी_रेंज
खात्री करायची तर डीलरला सांगा, बोल्ट काढून नळीतून उजेडाकडं बघा. .३०३ असेल तर एनफील्डचे पाच आटे डावीकडं वळत गेलेले दिसतील. ४१० असेल तर आतून आरशासारखी गुळगुळीत, गंज सोडून. दुसरं म्हणजे बोल्ट बाहेर असतानाच नळीच्या तोंडात साधी पेन्सिल धरून बघा. .३०३ म्हणजे ७.७ मिलिमीटर, पेन्सिल जेमतेम जाते. .४१० म्हणजे साडेदहाच्या आसपास, पेन्सिल आत खुळखुळेल. अधिकृत माप मात्र डीलरच्या गेजचंच धरा.

लाल_माती
मग ह्यानं रानडुकरं मारायला येत्यात का? आमच्या राधानगरीकडं गव्यांनी ऊस उभा ठेवला न्हाई.

तोफखाना
गव्याचं नावही काढू नकोस, वन्यजीव कायदा कडक आहे. आणि ही बंदूक कुणीही झाडून बघायची नाही. इतक्या जुन्या बोल्टची आणि चेंबरची हालत तपासल्याशिवाय त्यात काडतूस घालणं म्हणजे स्वतःच्या डोळ्याची बाजी लावणं.

कोर्टकचेरी
वकील आहे, कोल्हापुरातच. इथं आनंदाला जरा लगाम घालतो.

पन्हाळापायथा, तुम्हाला बहुतेक वाटत असेल की बंदूक .३०३ नाही ठरली म्हणून सुटलो. तसं नाही. शस्त्र नियमांच्या परिशिष्टात श्रेणी एक म्हणजे प्रतिबंधित हत्यारं. त्यात .३०३ आणि ७.६२ बोअरच्या बोल्ट रायफली आहेत, म्हणजे ज्यात फौजेचं काडतूस चालतं अशा. आणि त्याच वाक्यात पुढं .४१० बोअरच्या मस्केट आहेत. पोलिसांचं काडतूस खाजगी हातात नको, हे कारण. शेतकऱ्याला किंवा शिकाऱ्याला पूर्वी .३१५ रायफल मिळायची ती याचसाठी. इशापूरच ती बनवतं, बोल्ट त्याच घराण्याचा, पण काडतूस वेगळं. तुमची .३१५ निघाली असती तर काम इथल्या कलेक्टर कचेरीत झालं असतं. श्रेणी एकचं लायसन केंद्र सरकार देतं, गृह मंत्रालय.

हत्यार तुम्ही जमा केलं हे उत्तम. लायसनदार गेल्यावर घरात ठेवणं बेकायदा होतं, शस्त्र कायद्याचं कलम २१ तेच सांगतं: पोलीस ठाण्यात नाहीतर लायसनदार डीलरकडं जमा करा.

अर्जात जे नळीवर आहे तेच लिहा. ".३०३" लिहिलं आणि तपासणीत ४१० निघाली तर उगाच संशय. "बॉडी बी.एस.ए. १९१६, नळी इशापूर, .४१० मस्केट, एकबारी" असं लिहून डीलरचं लेखी वर्णन जोडा. आणि जुन्या लायसनच्या पुस्तकाची प्रत लावा, तोच तुमचा खरा आधार. संस्थानकाळापासून अखंड नूतनीकरण आहे, हे दिसलं पाहिजे.

पन्हाळापायथा
काका विचारतात, नळी कापून किंवा वेल्डिंग मारून ती दिवाणखान्यात लावली तर? मग हत्यारच राहत नाही ना.

कोर्टकचेरी
काकांना हात बांधून बसवा. नळी कापायलाही लायसन लागतं, कलम ६. अजिबात झाडता न येणारी, दुरुस्त करूनही न चालणारी जुनी हत्यारं कायद्यातून वगळलेली आहेत, कलम ४५ मध्ये. पण ती तशी आहे की नाही हे तुमच्या गल्लीतला वेल्डर ठरवत नाही. आधी लेखी परवानगी, मग बाकीचं. आणखी एक, घरात इतर कुणाच्या नावावर हत्यारं असतील तर मोजून ठेवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर माणशी दोनच.

सीमाभाग
संग्रहालयाला देण्याचा विचार करता येईल का? राजाराम रायफल्स ही कोल्हापूर संस्थानची पलटण, विलीनीकरणानंतर मराठा लाइट इन्फंट्रीत गेली. त्या काळातल्या वस्तूंना मोल आहे.

तोफखाना
राजाराम रायफल्सचा संबंध जोडायला पुरावा लागेल. जुन्या रायफलींच्या दस्त्यावर पितळी चकती असायची, तिच्यावर पलटणीचं नाव कोरलेलं. पण महायुद्धात तीही बंद केली. आणि ही फौजेची राहिलेलीच नाही. हिचा शेवटचा धनी पोलीस नाहीतर पहारा. मला तुरुंगाच्या फाटकावरची वाटते.

पन्हाळापायथा
एक अपडेट. पेन्सिल खुळखुळली. आत आटे नाहीत. डीलरनं गेज लावून .४१० लिहून दिलं आहे, अर्ज तसाच भरतोय. लायसन मिळालं तर ठीक, नाही तर संग्रहालयाचा रस्ता आहेच, वकीलसाहेबांना फोन करतो.

आजोबा तरुणपणी संस्थानच्या तुरुंगात नोकरीला होते हे कुणालाच आठवत नव्हतं. पहाऱ्याचा विषय काढल्यावर आत्याला आठवलं. आता ती म्हणते, महाराजांनी नाही तर जेलरसाहेबांनी तरी खूश होऊन दिली असणारच.

लाल_माती
आत्या हरणाऱ्यातली न्हाई.

नवखा_७
छान धागा. आमच्या माळ्यावर आजोबांची एक तलवार आहे, मुठीवर काहीतरी मोडीत लिहिलंय. इथंच फोटो टाकू का?

करवीर_मॉड
नवा धागा काढा. आणि पातं साफ करायला लिंबू लावू नका.